सात नंबरचा आकडा

१

फिटर कॉम्प्रेसरच्या खोलीत पालथा पडलेला सापडला, तेव्हा कंट्रोल रूमच्या बोर्डावर हिरवा दिवा लागलेला होता. म्हणजे खोलीतली हवा एकदम चोख.

हवा चोख नव्हती. दार उघडताच थंडीच्या यंत्रातला अमोनिया डोळ्यांत शिरला आणि बाहेरचे दोघे खोकत मागे सरले. मास्क लावून त्याला ओढून आणलं तोवर सगळं संपलं होतं. त्या शीतगृहात गॅस वाढला की हॉर्न वाजतो. तो असा वाजतो की रस्त्यापलीकडचा दुकानदार कानावर हात ठेवतो. त्या दुपारी तो वाजला नाही. बोर्डासमोर ड्यूटीवर बसला होता माझा धाकटा भाऊ.

फिटर त्याचा शाळेपासूनचा मित्र. अंत्यसंस्काराच्या वेळी मित्राची बायको त्याला एवढंच म्हणाली, "भावजी, तुम्ही बाहेर बसलेले असता म्हणून ते बिनधास्त आत जायचे." त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

कारखाना निरीक्षकबाईंनी दुसऱ्या दिवशी तपासणी केली. सेन्सरजवळ गॅसची बाटली उघडली आणि हॉर्न ठणठणीत वाजला. यंत्र ठीक, म्हणजे माणूस चुकला. बोर्डावर 'आवाज बंद' असं एक बटण आहे. तेल बदलताना थोडा गॅस निघतो, हॉर्न ओरडत बसतो, म्हणून ते दाबायची सगळ्यांनाच सवय. माझ्या भावानं ते दाबलं आणि मित्राला मारलं, असा अहवाल तयार होत होता. त्यावर सही झाली की तो पोलिसांकडे जाणार होता.

भाऊ माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता. दोन दिवस त्यानं दाढी केली नव्हती.

"ताई, मी दाबलं असेल का ग?"

"तुला काय आठवतं?"

"काही नाही. पण काका म्हणाले, आठवून बघ, हात आपोआप जातो. आणि खरंच जातो ग हात."

हे काका म्हणजे तिथले इंजिनियर. त्यांनीच याला नोकरीला लावलं होतं. ज्या गुन्ह्याची त्याला आठवणसुद्धा नव्हती, तो कबूल करायला हा मुलगा निघाला होता.

२

माझा धंदा सांगते, म्हणजे मी यात नाक का खुपसलं ते कळेल. लोक नवे प्रोग्रॅम लिहितात आणि टाळ्या घेतात. मी जुने प्रोग्रॅम जगवते. टाळ्या नाहीत, पण यंत्रं कुठं कुठं खोटं बोलतात ते मला बऱ्यापैकी ठाऊक आहे.

"बटणाचं सोड," मी म्हटलं. "बोर्डावर गॅसचा आकडा किती होता?"

"दोन."

"आणि मग?"

"दोनच." तो थांबला. "ताई, तो हललाच नाही. एरवी दोन, तीन, परत दोन असा नाचत असतो. मला वाटलं, आज हवा छान आहे."

मी त्याच्या हातात चहाचा कप दिला. 'आवाज बंद' केल्यानं हॉर्न गप्प बसतो. आकडा गप्प बसत नाही. खोलीत गॅस भरत असेल तर तो चढणारच, दिवा लाल होणारच. आकडा दोनवर खिळून राहिला, याचा अर्थ आकडा दाखवणाराच मेला होता आणि त्याचं शेवटचं बोलणं पडद्यावर तसंच राहिलं होतं.

मी धावत निरीक्षकबाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फाईल मिटली.

"माझ्यासमोर आकडा चढला, दिवा लाल झाला, हॉर्न वाजला. मी स्वतः पाहिलं. आता दोनच शक्यता राहतात, बाई. एक तर यंत्र एका दिवसात आपोआप सुधारलं."

"आणि दुसरी?"

"तुमचा भाऊ खोटं बोलतोय."

३

तरी त्यांनी मला शीतगृहात जायची परवानगी दिली. बुडत्याला काडीचा आधार, म्हणून मी ती काडी घट्ट धरली.

आत एक लांबलचक गल्ली, दोन्ही बाजूंना जाड दारांच्या सात थंड खोल्या, आणि टोकाला कॉम्प्रेसरची खोली. त्या दारावर आता पट्टी चिकटवलेली होती. काका मला घेऊन फिरले. पिकलेल्या मिशा, खिशाला पेचकस, आणि आवाज इतका मऊ की शेजारी बसून रडावं.

"हॉर्नमध्ये दोष नाही, पोरी. दर सोमवारी मी स्वतः वाजवतो. सगळे हसतात, म्हणतात काकांची पूजा सुरू झाली." त्यांनी भिंतीवरचं लाल बटण दाबलं. हॉर्न असा किंचाळला की मी कान झाकले.

मी मान वर करून वायर बघितली. बटणातून निघून ती भिंतीवरून सरळ हॉर्नपाशी गेली होती. संगणकाच्या वाटेला ती जातच नव्हती. म्हणजे दर सोमवारी काका हॉर्नला फक्त घसा आहे की नाही ते तपासत होते. त्याला हाक मारणारा जिवंत आहे का, हे कोणीच तपासत नव्हतं.

कंट्रोल रूममध्ये बोर्ड होता. सहा खोल्यांची तापमानं दिसत होती. सातव्या खोलीच्या जागी नुसत्या रेघा.

"तो सात नंबर मुका झालाय," बोर्डाचा प्रोग्रॅम लिहिणारा तरुण म्हणाला. कंपनीनं त्याला बाहेरून कामाला लावलं होतं. बोलणं झरझर, नखं खाल्लेली. "त्या खोलीचं तापमान संगणकाला पोचवणारं कार्ड म्हातारं आहे. अलार्मचा मेसेज सगळ्यांच्या फोनवर जावा म्हणून मी नवी लायब्ररी वापरली. तिला नवा रनटाइम लागतो, आणि त्या कार्डाचं नव्या रनटाइमशी जमत नाही. मी नवा प्रोग्रॅम बसवला, त्या दिवसापासून सात नंबर गप्पच आहे. नवं कार्ड मागवलंय."

ज्यांना हे शब्द परके आहेत त्यांच्यासाठी सांगते. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यानं करून ठेवलेलं तयार काम, जे आपण आपल्या प्रोग्रॅममध्ये आणून वापरतो. रनटाइम म्हणजे ज्या स्वयंपाकघरात हे सगळं शिजतं ते. स्वयंपाकघर जुनं आणि आचारी नवा असेल, तर कधीतरी खटका उडणारच.

तेवढ्यात मॅनेजर आले. साहेबांच्या कपाळाला कायमची आठी. "आणखी किती दिवस चालणार हे? माझं गिऱ्हाईक पळेल. त्या दिवशी सकाळीच तर ते इथं उभं होतं, माझ्या शेजारी! सात नंबरमध्ये त्याचाच माल. बोर्डावर सातचे उणे वीस बघितले आणि करारावर सही केली. आणि दुपारी हे असं."

कोणाच्याच काही लक्षात आलं नाही. तरुण फोनमध्ये बघत होता, काका चष्मा पुसत होते. माझ्या मात्र आलं. नवा प्रोग्रॅम बसल्यापासून जो सात नंबर मुका होता, तो फिटर मेला त्या सकाळी बोलत होता.

४

मी त्या तरुणाला बाहेर गाठलं आणि त्याचा प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर चालवायला लावला. फक्त खाली जुना रनटाइम ठेवला.

"चालणारच नाही," तो म्हणाला. "सुरूच होणार नाही."

सुरू झाला. कुरकूर नाही, तक्रार नाही. हिरवा दिवा लागला, गॅसचा आकडा एक-दोन-एक असा नाचू लागला. तरुण स्वतःवरच खूश झाला.

"आता गॅस वाढव," मी म्हटलं. खरा गॅस नव्हता, नुसते खोटे आकडे आत सोडायचे होते. त्यानं सोडले. मोठे, जीवघेणे आकडे.

पडद्यावर काहीच झालं नाही. आकडा दोनवर थांबला. दिवा हिरवाच राहिला. आम्ही दोघं बघत राहिलो.

बाहेरून आचारी आणावा, त्यानं भाजी चिरावी, कणीक भिजवावी, सगळं सुरळीत चालावं, आणि शेवटी त्यानं विचारावं, ओव्हन कुठाय? घरात ओव्हन नाही. तसं झालं होतं. नव्या लायब्ररीनं अलार्म वाजवायच्या क्षणी असं एक काम मागितलं, जे जुन्या रनटाइमला येतच नव्हतं. त्याआधी ते तिनं कधी मागितलंच नव्हतं, कारण त्याआधी संकट आलं नव्हतं. इतर सगळ्या वेळी ठणठणीत, आणि नेमकं संकट आलं की मरणारं यंत्र. याहून भयंकर वस्तू मी माझ्या धंद्यात पाहिली नाही.

तरुण पांढराफटक पडला. "मी माझ्या मशीनवर सगळं तपासलं होतं हो. तिथं नवा रनटाइम होता. इथंही मी नवाच ठेवून गेलो होतो."

"मग कोणीतरी जुना परत लावला. सात नंबर दिसावा म्हणून. आणि मृत्यूनंतर, बाईंची तपासणी व्हायच्या आधी, गुपचूप पुन्हा नवा लावला."

आता उरला प्रश्न, कोणी? साहेबांना संगणक चालू कुठून होतो तेही ठाऊक नव्हतं, आणि गुन्हा त्यांचा असता तर उणे वीसची फुशारकी त्यांनी मारली नसती. या तरुणाला सात नंबर मधे बोलू लागला होता हे माहीतच नव्हतं. राहिले दोघे. काका सगळ्यांना सांगत, मला त्या डब्यातलं काय कळतंय. आणि दुसऱ्याला त्या डब्यातलं चांगलं कळत होतं, कारण त्याला ते मी स्वतः शिकवलं होतं.

घरी गेले. भाऊ अंधार करून बसला होता, संध्याकाळचा दिवाही लावला नव्हता.

"सात नंबर कोणी सुरू केला?" मी विचारलं.

"माहीत नाही. एका सकाळी ड्यूटीवर गेलो तर आकडा लागलेला. वाटलं, तो प्रोग्रॅमवाला येऊन गेला असेल." मग त्यानं मान वर केली. "ताई, तू मला विचारतेस?"

मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता, आणि त्याचीच भीती वाटत होती. आपलेच दात, आपलेच ओठ. त्याच्या बाबतीत माझी नजर लहानपणापासून अधू आहे.

५

निरीक्षकबाईंनी लॅपटॉपवरचा प्रकार पाहिला आणि बराच वेळ पेनचं टोपण उघडझाप करत बसल्या.

"कसं झालं ते कळलं," त्या म्हणाल्या. "कोणी केलं ते नाही. तुमचा भाऊ नाही कशावरून?"

"ते मलाही बघायचंय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना बोलावलं. त्याआधी आम्ही दोघींनी आत जाऊन जुना रनटाइम लावून ठेवला. प्रोग्रॅमर पोराला मी गेटवरच थांबवलं. त्याचा चेहरा म्हणजे उघडं पुस्तक, बोर्ड बघितला असता तर सगळं मुसळ केरात.

निरीक्षकबाईंनी गॅसची बाटली टेबलावर ठेवली. "शेवटची चाचणी. एकानं कॉम्प्रेसरच्या खोलीत जायचं, दार लावून घ्यायचं, सेन्सरखाली ही बाटली पूर्ण उघडायची. हॉर्न वाजला की बाहेर यायचं. वाजेपर्यंत दार उघडायचं नाही. यंत्र ठीक आहे असं तुम्ही सगळेच म्हणता, त्यामुळे घाबरायचं कारण नाही."

बाटली रिकामी होती. हे फक्त त्यांना आणि मला माहीत होतं.

साहेबांचं लक्ष बोर्डाकडे गेलं. "अरे वा! सात नंबर लागला की. उणे एकोणीस. कधी दुरुस्त झाला?" बिचारे खरंच खूश झाले.

मी काकांकडे बघत होते. त्यांनी बोर्ड पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिला. पण मी भावाकडेही बघत होते, आणि त्यानं बोर्डाकडे नजरसुद्धा टाकली नाही. त्यानं बाटली उचलली.

"मी जातो," तो म्हणाला.

हे माझ्या बेतात नव्हतं. आत साहेबांचा एखादा माणूस जाईल असं मी धरून चालले होते.

"मास्क घे," कोणीतरी म्हणालं.

"तोही मास्क न लावताच गेला होता," भाऊ म्हणाला आणि गल्लीतून चालू लागला. बाटली रिकामी आहे हे मला ठाऊक होतं, तरी त्याची पाठ बघून मी दोन पावलं पुढं गेले. हॉर्न वाजावा म्हणून तो आत निघाला नव्हता, एवढं मला कळलं. वाजो, न वाजो, त्याला दोन्ही चालणार होतं.

त्यानं पट्टी काढली. दार उघडलं. आत गेला. दाराचा जाड पत्रा फरशीवर घासत मिटायला लागला.

"थांबव! थांबव त्याला!" काका धावले. त्या वयाचा माणूस तसा धावताना मी पाहिला नव्हता. त्यांनी दारात हात घातला, बोटं चेंगरली, तरी हात काढला नाही. "बाहेर ये रे! हॉर्न वाजणार नाही!"

निरीक्षकबाई चालत पुढे गेल्या.

"का वाजणार नाही, काका? दर सोमवारी तर तुम्ही वाजवता."

काका सोललेल्या बोटांकडे बघत राहिले. "सात नंबर दिसतोय," ते पुटपुटले. "सात दिसत असला की वाजत नाही."

६

त्यांनी सगळं सांगितलं. साहेब रोज ओरडायचे, गिऱ्हाईक येणार, सात नंबर दिसला पाहिजे. जुना रनटाइम संगणकात तसाच पडून होता. पूर्वी त्या प्रोग्रॅमवाल्या पोरानं त्यांना एकदा दाखवलं होतं, रनटाइम बदलायला कुठली ओळ बदलायची ते. काकांनी एक ओळ बदलली. आकडा लागला, दिवा हिरवा, साहेब खूश. सोमवारी हॉर्नही वाजला. यात वाईट होण्यासारखं काय असेल, असं त्यांना वाटलं. फिटर मेल्यावर त्यांनी संगणक उघडला, आतला बिघाडाचा संदेश वाचला आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. संदेश पुसला, ओळ पुन्हा बदलली.

"माझी निवृत्ती जवळ आली होती," ते म्हणाले.

भाऊ दारातच उभा होता. "काका, तुम्ही मला म्हणालात, आठवून बघ. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात."

काकांना रडू फुटलं. मला दया आली आणि त्याच क्षणी त्यांच्या थोबाडीत मारावंसंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

"पोरांनो, मी राक्षस नाही," ते म्हणाले. "एका आकड्यासाठी केलं. तिथंही तसंच केलं, तिथं तर काही झालं नाही."

"तिथं म्हणजे कुठं?" मी विचारलं.

"नदीपलीकडच्या गोदामात. कंपनीचंच. तिथंही याच पोराचा नवा प्रोग्रॅम, तिथलंही कार्ड जुनंच आहे, तिथंही एका खोलीचा आकडा दिसत नव्हता."

"आणि तिथं तुम्ही ओळ परत बदललीत?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला होता. "तिथं चौकशी नव्हती," ते म्हणाले.

साहेबांच्या हातातला फोन भावानं अक्षरशः हिसकावला. रिंग वाजत राहिली. कोणी उचलेना. त्यानं पुन्हा लावला. निरीक्षकबाई गाडीकडे पळाल्या, पण नदीपलीकडे पोचायला वेळ लागणार होता. तिसऱ्यांदा कोणीतरी उचलला, भावानं स्पीकर लावला.

"बोला. सगळं ओके आहे," तिकडचा ऑपरेटर आळसावून म्हणाला. "बोर्ड हिरवा, सगळे आकडे येतायत."

"म्हणूनच सांगतोय. आत कोण आहे?"

"माल उतरवतायत, पाच जण. फिटर कॉम्प्रेसरमध्ये आहे, तेल बदलतोय. का?"

भावाचा चेहरा राखेसारखा झाला. "बाहेर काढ सगळ्यांना. आत्ता. दिव्याकडे बघू नको, आकड्याकडे बघू नको. मास्क लाव, जा आणि दार उघड. फोन चालू ठेव. बाहेर आलेल्या प्रत्येकानं माझ्याशी बोलायचं."

आम्ही उभे राहिलो. फोनमधून पावलांचे, दारांचे, कोणाच्या तरी शिव्यांचे आवाज येत होते. मग एक आवाज आला, बाहेर आलो. मग दुसरा. भाऊ प्रत्येकाला म्हणत होता, "लांब जा, गेटपर्यंत जा." पाच झाले. सहावा येईना. भावानं डोळे मिटून घेतले होते आणि त्याचे ओठ हलत होते. माझ्या हातात त्याचा हात होता, तो कधी घेतला ते मला आठवत नाही.

मग खोकण्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ एक चिडलेला, धडधाकट आवाज.

"कोण रे तू? अर्धं काम टाकून बाहेर काढलंस. वास थोडा जास्त होता, पण हॉर्न कुठं वाजला होता?"

"नाही वाजला," भाऊ म्हणाला. "तू बाहेरच थांब. मी तिकडं येतोय."

फोन खाली ठेवून तो फरशीवर बसला आणि मित्र गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्यानं रडला.